सुहासच्या गोळ्या, माझा भंडारा

१२ नोव्हेंबर, बुधवार
धुवायला काढलेल्या पँटच्या खिशात पुन्हा पांढरी गोळी. चौतीस वर्षांचा घोडा झालाय सुहास, आणि मी थोरली बहीण अजून त्याचे खिसे उलटे करते. काल सकाळी देव्हाऱ्यासमोर मैलाराचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा शपथेला उचलून म्हणाला होता, "अक्का, घेत नाही." पिवळा हात घेऊन तारिहाळला कारखान्यात कामावर गेला. कालचीच पँट ही.

शाळेत नववीला पेशी शिकवताना खडू मोडला.

१३ नोव्हेंबर
विचारलं, कुणी दिली. म्हणे, "कोण देणार? सुपरवायझरच की." सलग दोन पाळ्या असल्या की चहाबरोबर गोळी. "तगो, टार्गेट मुगिस्बेकल्ला." घे बाबा, टार्गेट संपवायचंय ना. प्रसाद वाटावा तशी वाटतो मेला.

पहिली दोन वर्षांमागं घेतली, दिवाळीच्या ऑर्डरीच्या वेळी. तेव्हा घरी येऊन म्हणाला होता, "अक्का, थकवाच येत नाही गं." मी शाळेत सांगत फिरले, माझा भाऊ किती कष्टाळू. जळो ते कौतुक.

त्या माणसाच्या घरी जाऊन बायकोसमोर त्याची अब्रू काढणार होते. आई म्हणाली, "सुहासची नोकरी जाईल. गप बस बघू." बसले गप.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
डॉ.बाईंकडे. दोन महिने झाले सुहासचे उपचार चालू आहेत. आज मला समजावलं. जेवलो, कुणी शाबास म्हटलं, की मेंदूतल्या एका वाटेवर डोपामाइन सुटतं आणि मेंदू शिकतो, हे पुन्हा करायचं. गोळी त्या वाटेवर पूर आणते. रोज पूर आला की मेंदू दारं लावून घेतो, मग साधं सुख आत शिरत नाही. आवडणं संपतं, हवंय हवंय तेवढं वाढत जातं.

"मनस्सल्ल टीचर, मिदुळु." मन नव्हे, मेंदू.

मी म्हटलं, मग लाज कुठं असते मेंदूत? त्या हसल्या नाहीत. सु. खाली बघत होता.

२० नोव्हेंबर
झुणका केला, सु.चा आवडता. खाल्ला, पाणी प्यायला, उठला.
"कसा झालाय?"
"बरा."
पुठ्ठा वाढला असता तरी बरा म्हणाला असता. डॉ.चं बोलणं आठवलं, दारं लावलेली वगैरे. तरी राग आलाच. दीड तास चुलीपुढं कोण उभं होतं?

२३ नोव्हेंबर, रविवार
धारवाडहून काका-काकू आले आमच्याकडं नवनगरला, खास भेटायला. त्यांच्यासमोर सु.ला भंडारा उचलायला लावला. चार माणसांत शब्द दिला की पाळेल, असा हिशेब. आमच्यात भं. म्हणजे शेवटचा शब्द. अप्पांनी, आमच्या वडिलांनी, जन्मात दोनदा उचलला. मी सु.ला रोज सकाळी उचलायला लावते.

उचलताना त्याच्या हातून हळद फरशीवर सांडली. काकू म्हणाल्या, "आता बघ कसा सुधारतोय." मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर फारच बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर
गोळी घेतली. स्वतःच सांगितलं. डोळे ताठ, तोंड कोरडं, बडबड थांबेना. मी ताट भिरकावलं. आई रडायला लागली.
"देवाचीसुद्धा भीती नाही तुला?"
"भीती आहे म्हणून तर घेतली, अक्का."
निर्लज्ज. वर तोंड करून बोलतो.

२ डिसेंबर, मंगळवार
डॉ.नी विचारलं, कुठल्या दिवशी घेतली, काही आठवतं? मी टेचात ही वही काढली. सगळं टिपून ठेवायची सवय माझी, इथं कामाला आली म्हटलं. त्या म्हणाल्या, गोळीचा दिवस वाचा आणि त्याचा आदला दिवस वाचा.

वाचायला लागले. आदल्या दिवशी, शेजाऱ्यांसमोर भं. आदल्या दिवशी, सलग दोन पाळ्या आणि सुपरवायझरच्या शिव्या. आदल्या दिवशी, खिसे उलटे करून मी दारात उभी राहून ओरडले. आदल्या दिवशी, काका-काकू. पुढचं पान उलटवेना.

डॉ. हळू बोलत होत्या. ताण आला की मेंदू ओळखीची वाट धरतो, झटकन सुटका कुठं मिळते ते गोळीनं त्याला शिकवून ठेवलंय. शपथ मोडली की लाज, लाजेचा ताण, त्यावर पुन्हा गोळी. सु. टेबलाची पट्टी नखानं उकरत बसला होता. माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

म्हणजे तो सुपरवायझर आणि मी, दोघंही... नाही लिहीत.

३ डिसेंबर
डॉ.वर राग. दोन महिने आधी विचारायला काय झालं होतं? अप्पांवर राग, ती भंडाऱ्याची पितळी डबी मागं ठेवून गेले म्हणून. माझ्यावर तर आहेच. मज्जासंस्थेची आकृती पुस्तक न उघडता फळ्यावर काढते मी. आणि घरी येऊन भावाच्या तळहातावर हळद ठेवते.

आईला सांगितलं, उद्यापासून भं. बंद.
"मैलार रागवंल की गं."
"रागवू दे. माझ्याएवढा नाही रागवणार."

४ डिसेंबर
सु. सवयीनं देव्हाऱ्यापुढं उभा, उजवा हात पुढं. मी डबी उघडली नाही.
"जा, बस चुकेल."
हलेना. "मग काय म्हणून जाऊ?"
"येतो म्हणून जा."
"येतो," म्हणाला. चपला घालताना वळून बघितलं त्यानं. मी घासलेलीच कढई पुन्हा घासत होते.

९ डिसेंबर
पाच दिवस 'घेतलीस का' विचारलेलं नाही. जीभ चावून चावून जेवण जात नाही मला.

सु.नं आज सुपरवायझरला सांगितलं, एकच पाळी करणार. तो म्हणाला, मग दुसरीकडं जागा बघ. हे घरी येऊन आपणहून सांगितलं मला. त्या माणसाला अशी काही लाखोली वाहणार होते की बास. एवढंच म्हटलं, "चहा टाकू?"

१४ डिसेंबर, रविवार
दुपारी आमटी-भात. सु. पहिल्या घासाला थांबला. "अक्का, मीठ जास्त झालंय."

मी उसळलेच. "इतके दिवस मुकाट गिळत होतास तेव्हा..." आणि तिथंच थांबले. आई माझ्याकडं बघायला लागली. चाखून बघितलं, खरंच जास्त होतं. किती महिन्यांनी या माणसाच्या जिभेला मीठ लागलं.

"उद्यापासून तूच कर मग स्वयंपाक," मी ओरडले. तो हसला. डोळे पुसायला आत गेले, कांदा चिरायचं निमित्त काढून.

हुरळणार नाही. डॉ.नी बजावलंय, मेंदूला सावरायला महिने लागतात, मध्ये घसरेलही.

आत्ता साडेपाच. त्याचा कामाचा शर्ट खुंटीला आहे, भिजवायचाय. वरचा खिसा फुगलेला दिसतोय. बसचं तिकीट असेल. रुमाल असेल. दोनदा खुंटीपर्यंत जाऊन आले, हात शिवशिवतोय. बादलीत पाणी काढलंय. तसाच टाकणार आहे, खिशासकट.