धाकट्याच्या नावाचा मेलबॉक्स

३ जून, मंगळवार

जुन्या मेल कंपनीचं पत्र. तीस जूनला त्यांची मेलसेवा बंद! आपली सोय आपण बघायची.

चौदा वर्षं दुकानाच्या स्वतःच्या नावावर मेल येताहेत. प्रयोगशाळा, औषधांची दुकानं, सोनार — कुणाचा तराजू कधी तपासायचा ते सगळं त्याच पत्त्यावर ठरतं. बायको म्हणाली, "फुकटातला एखादा पत्ता घ्या की." म्हटलं, दुकानाचं नाव सोडून भलत्याच पत्त्यावरून लिहू? तिने हात जोडले.

४ जून

नवी मेल कंपनी ठरवली. खातं दहा मिनिटांत उघडलं. ऐटीत चहा प्यायलो.

६ जून

ऐट उतरली. मेल सांभाळणारी कंपनी वेगळी आणि आपलं नाव, म्हणजे डोमेन, जिथे नोंदलंय ती कंपनी वेगळी. इतकी वर्षं मला हे ठाऊकच नव्हतं. नव्या कंपनीच्या सपोर्टवाल्या बाईंनी फोनवर समजावलं — "नाव जिथे नोंदलंय तिथे जाऊन सांगायचं, की आता टपाल या दारात टाका. त्या ओळीला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. जुनी ओळ काढा, आमची घाला." बाई सोशिक. मी तेच तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा सांगितलं.

पण तिथे शिरायला पासवर्ड हवा आणि तो धाकट्या भावाकडे. नाव त्यानेच नोंदवलं होतं. मी तेव्हा म्हणालो होतो, तराजूवाल्याला कशाला हवीत ही थेरं.

९ जून

"भाऊजींना एक फोन करा ना," बायको.

नाही केला. नऊ वर्षं नाही केला, आता पासवर्डसाठी करू?

'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबलं. कोड पाठवला म्हणे — धाकट्याच्या मेलवर. आमच्याच डोमेनवरच्या! तो दुकान सोडून गेला त्या संध्याकाळी मी रागाच्या भरात जो मेलबॉक्स पुसून टाकला, त्याच्यावर. किल्ली आत आणि मी बाहेर. बायको पोट धरून हसली. मग मलाही हसू आलं.

१० जून

सपोर्टवाल्या बाईंना लाजत लाजत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तो मेलबॉक्स पुन्हा तयार करा. जुनी सेवा तीसपर्यंत चालू आहे ना?"

एवढं सोपं. 'नवा मेलबॉक्स' दाबलं आणि धाकट्याचं नाव टाइप केलं. नऊ वर्षांत ते नाव मी कुठेच लिहिलं नव्हतं. एका अक्षरावर बोट अडलं. इथे लिहायला हरकत नाही — डोळ्यांत पाणी आलं.

कोड आला. आत शिरलो. पासवर्ड बदलून टाकला.

१२ जून

एमएक्स ओळी घातल्या. आमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं, त्याचीही एक ओळ असते — ती घातली. मग दिवसभर एक मेल नाही! तोंडचं पाणी पळालं. प्रयोगशाळेचं मोठं काम याच आठवड्यात ठरायचंय. बाईंना फोन. त्यांनी बघून सांगितलं, की एका ओळीत शेवटचं अक्षर राहिलंय. घातलं. संध्याकाळी पहिला मेल आला, बायकोचा, स्वयंपाकघरातून — "जेवायला या."

नव्या कंपनीकडे मेलबॉक्सची यादी केली. दुकान, मी. धाकट्याचा ठेवायचा का? बाई म्हणाल्या, "डोमेनच्या खात्यावर तोच पत्ता आहे, तूर्त ठेवा." ठेवला. बायकोलाही कारण तेच सांगितलं.

१४ जून

रिकामा मेलबॉक्स. तरी दिवसातून दोनदा उघडून बघतो.

त्या दिवशीचं कधीतरी लिहायला हवं. औषधवाला त्याचा तराजू न्यायला आला होता. काम धाकट्याचं. मी शेवटची तपासणी माझ्या शंभर ग्रॅमच्या प्रमाण वजनाने केली, बाबांपासून चालत आलेल्या. काटा चुकला. गिऱ्हाइकासमोर धाकट्याला म्हणालो, "हात असा चालणार असेल तर हात धुऊन घरी बस." त्याने माझ्या हातातलं वजन घेतलं. तराजू उचलून आत गेला. आठवड्याभरात दुकान सोडलं.

सहा महिन्यांनी माझी वजनं सरकारी तपासणीला गेली. शंभर ग्रॅमचं झिजलेलं निघालं. तराजू बरोबर होता, धाकटा बरोबर होता. चूक माझ्या हातात होती आणि मी ती त्याच्या माथी मारली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नवीन वजन आणलं, जुनं खणात मागे सारलं. पुढे आज-उद्या करत राहिलो. वर्ष गेलं की सांगणं आणखी अवघड होतं, एवढंच कळलं.

१८ जून

डोमेनच्या पॅनेलात सहज फिरत होतो. नावाची मुदत — २१ जून. आपोआप नूतनीकरण — बंद.

बंद? मग इतकी वर्षं नाव टिकलं कसं? मी तर जुनी मेल कंपनीच करते असं धरून चाललो होतो. जुन्या नोंदी उघडल्या. दरवर्षी २१ जून. हाताने केलेलं नूतनीकरण. तो गेल्यानंतर आठ वेळा, नववी खेप या २१ ला. आठवणीचा मेल तर मी पुसलेल्या पत्त्यावर जात असणार, म्हणजे त्याला कुणी आठवणही करून देत नव्हतं.

आणि मी गावभर सांगत होतो, की दुकानाचं नाव मी एकट्याने राखलं.

आता पासवर्ड मी बदललाय. त्याला आत येता येणार नाही; यायचं तर कोड मागवावा लागेल, आणि तो याच मेलबॉक्समध्ये येईल. नूतनीकरणाचं बटण समोरच होतं, दाबलं नाही. एकवीसच्या संध्याकाळपर्यंत थांबतो. नाहीच आला तर दाबेन. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "एवढं ताणण्यापेक्षा फोन करा." तिचं बरोबर आहे. फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

१९ जून

प्रयोगशाळेचं काम मिळालं. नव्या मेलवर. आनंद व्हायला हवा तेवढा झाला नाही.

२१ जून, शनिवार

सकाळी साडेदहाला धाकट्याच्या मेलबॉक्समध्ये पासवर्डचा कोड आला. मी मागितला नव्हता.

फोन लावला. त्याने लगेच उचलला. मी कोडचे सहा आकडे वाचून दाखवले. तो म्हणाला, "परत सांग दादा, लिहून घेतो." परत सांगितले. मग वजनाचंही सांगितलं, एका दमात.

"माहीत आहे," म्हणाला. "त्याच दिवशी ते वजन आत नेऊन तपासलं होतं मी. गिऱ्हाइकासमोर कसं सांगणार?"