धाकटीच्या नावासंबंधी

मी, खाली सही करणारी, वय चव्वेचाळीस, कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, हे माझ्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप बाळंतपणानंतर नीट चालत नाही; ती उद्या बदलायची आहे. शस्त्रक्रियेतून उठले तर हा कागद मीच फाडीन.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा नवऱ्याला द्यावा. स्वयंपाकघराची खिडकी पावसात घट्ट बसते. ती ठोकायची नाही, उचलून उघडायची. हे त्याला दहा वर्षं सांगते आहे.

२. मेणकामाच्या सुऱ्या आणि छोटा दिवा शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीला. माझी बारीक सुरी ती न विचारता नेते आणि वर म्हणते, "अगं, तुझी का ही?" आता तिचीच.

३. शिवणयंत्र नणंदेकडे आहे, ते तिथेच राहू द्यावं. मात्र "वहिनीने हौसेने दिलं" असं तिने चारचौघांत सांगू नये. मी दिलेलं नाही.

४. बँकेतली शिल्लक धाकट्या मुलीच्या नावे. हे लिहिताना हात थांबला, कारण मुलीला अजून नावच नाही. महिन्याची झाली. याचं कारण मला नोंदवायचं आहे.

आमची थोरली सव्वा वर्षाची असताना तापाने गेली. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण घरात तिला ठकी म्हणत. धाकटी जन्मली तेव्हा सासूबाईंनी दुपट्यात डोकावून पहिलं वाक्य उच्चारलं, "तेच नाक. ठकीच आली गं परत." आणि मग, "नाव तेच ठेवा. एवढं चांगलं नाव वाया कशाला घालवायचं?" त्या वाईट नाहीत. थोरली गेल्यावर मला घास भरवणाऱ्या त्याच होत्या.

दोन्ही घरांतल्या प्रत्येक नावामागे कोणी ना कोणी गेलेलं माणूस आहे. म्हणून मी नवऱ्याला म्हटलं, ज्या भाषेत आपलं कोणीच मेलेलं नाही अशा भाषेतलं नाव शोधू. तो भूमिती शिकवतो. म्हणाला, "ग्रीक चालेल. अल्फा, थीटा रोज फळ्यावर असतात, तेवढी ओळख पुरे." सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मग थीटाच ठेवा. हाक मारायला बरं." त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. बऱ्याच काळाने.

आठवड्याने तो नाव घेऊन आला: अनास्तासिया. लांबलचक, पण गोड. मीही दोन दिवस हाक मारून पाहिली. मग अर्थ विचारला. तो बाटली धूत होता. पाठमोराच म्हणाला, "पुन्हा उठलेली."

"म्हणजे तूसुद्धा?" मी म्हटलं.

"मला ती परत हवी आहे. यात काय चुकलं?"

"काही नाही. मलाही हवी आहे. पण ते काम हिच्या गळ्यात नको."

एका जबड्याच्या मापाची कवळी दुसऱ्याला बसवली तर दिसायला बसते. घास चावताना टोचते. हे मी रोज पाहते. हे बाळ उद्या ठकीसारखं हसलं नाही, तर आमचे चेहरे पडतील, आणि ते तिला दिसतील.

माझं मत झोई. तेही ग्रीक. अर्थ, जीवन. हेही ओझंच आहे का, असा प्रश्न मला पडतो. उद्याच्या भीतीने मी हे नाव धरलं असेल, तर मीही माझंच काहीतरी तिच्यावर लादते आहे. याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तरी या नावात आधीचं कोणी नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "नाव ही मालमत्ता नाही, ते मृत्युपत्राने देता येत नाही. फार तर घराच्या हिश्शाला अट घाला." मी अट घातली: झोई ठेवलं तरच हिस्सा. रात्रभर ती छातीवर बसली. मेलेल्या बाईने घर रोखून धरायचं आणि नवऱ्याने हरायचं, अशा रीतीने ठेवलेल्या नावाने कोणी मुलीला मायेने हाक मारील का? सकाळी अट काढून टाकली. तेव्हा ही फक्त विनंती समजावी.

आज त्याला ही विनंती वाचून दाखवली. तो बाळाला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारत राहिला.

५. थोरलीचे कपडे सासूबाईंनी जपले आहेत. ते धाकटीला खुशाल घालावेत. तिथे माझी हरकत नाही.

६. शेवटचं. नाव कोणतंही ठेवलं तरी, समज आल्यावर तिला सांगावं की तिला एक ताई होती. तूच ती ताई आहेस, असं तिला कोणी कधी सांगू नये.

वरील मजकूर मी स्वतः पुन्हा वाचला असून तो मला मान्य आहे. साक्षीदारांच्या देखत सही केली, त्यांनी माझ्या देखत.

सही: धाकटीची आई, थोरलीचीही

साक्षीदार:
१. प्रयोगशाळेचे जुने कारागीर (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या परिचारिका (सही)

स्थळ: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, संध्याकाळ