तपासणीआधी वाट दुरुस्त केल्याबद्दल

तिकोणा पेठ, ता. मावळ
१४ मे

आदरणीय दाजींना सोपानचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं ताईकडून कळलं, बरं वाटलं. आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मी सोडून. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही.)

माझी लेक, तुमची भाची प्रेरणा किल्ल्याखालच्या गायरानातल्या उतारावर डोंगरी सायकल चालवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. दर पावसाळ्यात पाणी त्या वाटेतूनच धावतं आणि कंबरेइतकी घळ पाडतं. गेल्या साली तिचा खांदा तिथंच निखळला. ऑक्टोबरात राज्य स्पर्धा आहे आणि सरावाला दुसरी जागा नाही. म्हणून पुण्याच्या एका संस्थेकडे मी अनुदानाचा अर्ज केला. वाटेच्या कडेनं दगडी चर काढून पाणी बाहेर वळवायचं, एवढंच मागणं. घळीचं वर्णन असं केलं की वाचून माझेच डोळे भरून आले. उत्तर आलं, पाहणीला येतो.

दाजी, एकतीस वर्षं मी शाळामास्तर. तपासणी म्हटली की माझे हात आपोआप झाडू शोधतात. (एकदा साहेब येणार म्हणून भरात शेजारच्या गावच्या शाळेचंही अंगण झाडून घेतलं होतं.) सरपंच बाजीरावांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "सायेब लोक येनार आन् वाट अशी? गावाची अब्रू जाईल, गुरुजी. माजा ट्रॅक्टर घ्या." चाळीस माणसं लागली. दोन सकाळींत घळ मुरमानं बुजवली, धुम्मसानं चोपली, दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना मारला. शेजारच्या भागुबाईंनी उताराच्या तळाशी रांगोळी काढली. प्रेरणा तेव्हा कॉलेजात होती, नाहीतर तिनं मला थांबवलं असतं.

संस्थेच्या अरुंधती मॅडम स्वतःची सायकल घेऊन आल्या. माथ्यावरून सुटल्या त्या तीन मिनिटांत रांगोळीपाशी. म्हणाल्या, "इतकी सुंदर वाट मी जिल्ह्यात पाहिली नाही. हिला अनुदान कशाला हवं?" मी कबूल केलं की ही आमची परवाची कामगिरी. खर्च किती आला, त्यांनी विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, काहीच नाही, सगळं श्रमदान. तिथं अर्ज संपला. हा मुरूम पहिल्या पावसात वाहून जाणार हे सांगायला मी मागून धावलो, पण त्या सायकलवर आणि मी चपलेवर. प्रेरणा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मला ते फार लागलंय.

ताईला जय भीम सांगा.

तुमचा,
सोपान

ता.क. मॅडमना फोनवर गळ घातली, रविवारी पुन्हा यायला त्या तयार आहेत. तुमचा पाण्याचा टँकर शनिवारी उताराच्या माथ्यावर आणून रिकामा करता येईल का? घळ पूर्ववत पडली पाहिजे.

ता.क. दुसरा. प्रेरणानं हे पत्र वाचलं. टँकर आणू नका, मॅडमनाही मीच नको म्हणून कळवतो. ती म्हणाली, "पप्पा, दोन सकाळींत एवढं झालं, तर चर काढायला किती लागतील?" मी म्हणालो, आठ-दहा. दोन दिवसांनंतर ती माझ्याशी बोलली ते एवढंच. तेव्हा येताना पहार आणा, दाजी, आणि नाही म्हणू नका.