डावीकडची खुर्ची

४ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

माझं बरं चाललंय. पंपघरातली पाळी सकाळी सहा ते दोन, मग सगळी दुपार रिकामी. इथे फोन धड लागत नाही आणि नेट रांगतं. मी बटण दाबून व्हिडिओ गेममधला माझा लढवय्या हलेपर्यंत समोरचा दोन ठोसे मारून मोकळा होतो, म्हणून नेटवरचे खेळाडू बाद. इथला भांडारवाला एकदा खेळायला बसला. टाइपिंगच्या परीक्षेला बसल्यासारखी सगळी बटणं बडवली आणि वर म्हणाला की खेळ सोपा आहे. त्याच्याशी खेळून माझेच हात बिघडतात.

स्पर्धा सव्वीस ऑक्टोबरला आहे. पहिल्या आठांत आले तर खेळाडूंच्या संघात पगारी जागा, नाहीतर पंपघर आहेच. बाबा होते तोवर मला दुसरं कुणी लागलं नाही. गेल्या वर्षी ते गेले आणि सरावही गेला. मी एक रविवार सोडून घरी येते, तेव्हा तू बसशील का समोर? रागावू नकोस.

तुझी,
ठकू


११ ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

रागवायला काय झालं? बांधणीखात्यात दिवसभर पुस्तकांच्या पाठी शिवते, माझे अंगठे तुझ्याहून दणकट आहेत. वीस वर्षं भाजी निवडत तुम्हा दोघांचा खेळ पाहिला. ह्यांनी काय केलं की तू चिडायचीस, तेवढं मला ठाऊक आहे. खाली बसून पाय मारायचा, तू उडी घेतलीस की वर ठोसा. तेवढंच शिकते. बटणांच्या नावासकट लिहून पाठव. मला दाखवून कळत नाही, वाचून कळतं. अक्षरंसुद्धा मी पुस्तकं शिवता शिवता शिकले.

टीव्हीसमोर डावीकडे ह्यांची खुर्ची आहे तशीच आहे. मी तिच्यापुढे स्टूल ओढून बसेन, तू उजवीकडे तुझ्या जागी बस.

शेजारीण विचारते, रडू येतं का. येत नाही. जेवते, कामाला जाते, परत येते. तू डबा पुरा संपवत जा.

तुझी,
आई


२८ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हरले. पहिल्याच फेरीत.

समोर एक दाढीवाला कंपाउंडर होता. नाणं उडवलं, ते त्याच्या बाजूने पडलं आणि त्याने उजवी बाजू मागितली. मला डावीकडे बसवलं. डावीकडून प्रत्येक चाल उलटी फिरवावी लागते. बाबा कधी माझ्या लढवय्यावरून उडी मारून पलीकडे येत नसत आणि तुला ती उडी अजून जमत नाही, त्यामुळे मी आयुष्यभर उजवीकडूनच खेळले. माझा लढवय्या पुढे जायच्या ऐवजी मागे सरकत राहिला. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. मलाही रडू आलं नाही. बसने परत आले आणि पाळीवर गेले.

बाजू बदलून बघू, असं पाच रविवारांत दोनदा मनात आलं होतं. पण तू स्टूल मांडून बसलेली असायचीस. बोलले नाही.

आठव्या आलेल्याने जागा नाकारली, तिच्यासाठी तेवीस नोव्हेंबरला हरलेल्यांची पुन्हा फेरी आहे. जाऊ की नको, कळत नाही. तू सांग.

तुझी,
ठकू


३ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

बोलली असतीस तरी मी नाही म्हटलं असतं. त्या खुर्चीवर मी कुणाला बसू देणार नव्हते, स्वतःलाही नाही. तेव्हा हरण्यातला निम्मा वाटा माझा. तो तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस.

फेरीला जायचं. तोवरचे दोन्ही रविवार घरी ये, जमलं तर रजाही काढ. तुझी पाळी भांडारवाल्याला सांभाळायला सांग, म्हणावं आईने बोलावलंय.

चार दिवस झाले, मी स्टूल उजवीकडे नेलं आहे. माझीही बोटं आता उलटी पडतात. टीव्हीतला गडी मला रोज धुतो. हे असते तर हसले असते.

खुर्चीवर ह्यांची शाल होती, ती घडी करून कपाटात ठेवली. काल पहिल्यांदा बसून पाहिलं. एक पाय हलत होता. हे एवढी वर्षं तशा खुर्चीवर कसे खेळले, कधी बोलले नाहीत. बांधणीखात्यातून जाड पुठ्ठा आणला, चार पदरी कापून पायाखाली घातला. आता हलत नाही. आलीस की हातपाय धू आणि थेट तिच्यावर बस.

माया आहे तशीच आहे, तुझीही राहू दे.

तुझी,
आई