चांदणीच्या फोनला कुंकू

२५ सप्टेंबर, गुरुवार
अमोलनं शेवटी चांदणीचा फोन आणला. कंपनीचं नाव इंग्रजी, माझ्या तोंडात बसत न्हाय. मागं चांदणी काढलीय म्हून चांदणी. लेकाला हितनं फुडं नुसतं अ. लिवणार. लई वेळा येणार हाय त्याचं नाव.
खोक्यात फोन हाय, चार्जर न्हाय. म्हणलं, मी शिलाई मशीन घेतली तवा दुकानदारानं सुया सुदिक दिल्या व्हत्या. अ. म्हणतो, "आये, ते पर्यावरणासाठी असतं." मंग येगळा इकत आणलास त्यो?
चार्जरचं खोकं फोडाय लागला.
मालकांचा, म्हंजी अ. च्या बापाचा, जुना फोन बदल्यात दिला इंदापूरच्या दुकानात. मला इच्यारलं न्हाय. म्हणला, त्यांचं बोलणं सगळं ह्यात घेतलंय. ऐकवलं. मालकांना टाईप करता येत न्हवतं, रानातनं बोलूनच धाडायचे माझ्या फोनवर, त्यो कवाच मोडला. "आगं ये! मोटर बंद कर, पानी भाईर चाललंय!" जाऊन दोन वर्सं झाली, अजून वरडत्यात. सवयीनं म्हणलं, "आली, आली." सून हसली. मी बी.

२८ सप्टेंबर, रविवार
चांदणीवाले घरी जमले. म्होरक्या सुजितराव, बँकेत हाय. ह्यांचा ग्रुप बी हाय, चांदणी परिवार. माझ्या भाकरीचा फोटो काढला. "आई, बघा, पिठाचा कण न् कण दिसतोय."
"मला डोळ्यानं बी दिसतोय."
आबा म्हंजी माझे दीर, त्यांनी खिशातनं आपला फोन काढला, दुसऱ्या कंपनीचा. पोरांनी असं बघितलं जसं शेणाचं पाय घिऊन आत आले. आबा म्हणले, "माझा बी लागतो, तुमचा बी लागतो. फरक काय?"
सुजितराव : "आबा, हा फोन न्हाय, अनुभव हाय."
आबांनी तंबाखू मळली. "बरं."

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
ट्रॅक्टर धुतला. कोयती, इळं, मोटरचा स्टार्टर, सगळ्याला गंध, झेंडू. अ. नं फोन मधोमध ठेवला. म्हणतो, आमचं हत्यार हेच.
सुकं कुंकू चिकटंना, फोटो चांगला यीना. मंग कुंकू पाण्यात कालवून चांदणीवर बोट वढलं. वरनं फुलानं पाणी शिपडलं, हळद टाकली. सुनंच्या फोनवर फोटो काढला. खालच्या चार्जिंगच्या भोकात लाल वघळ गेला. मी म्हणलं, आरं पूस त्ये. "आये, ह्याला पानी लागत न्हाय. कंपनीनं बुडवून दावलंय."
ग्रुपवर फोटो टाकला. समद्यांचं हात जोडल्याली चित्रं आली. सुजितरावानं तीन येळा जोडलं.
पुरणपोळी बरी झाली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
फोन काळा. दाबला, चोळला, उन्हात ठेवला. काय न्हाय.
तांदळाच्या डब्यात पुरलाय. सुनंनं कडंकडंनं तांदूळ काढून भात लावला.
अ. सोनं वाटाय भाईर पडला न्हाय.

४ ऑक्टोबर, शनिवार
येष्टीनं बारामतीला, चांदणीच्या सर्विस सेंटरला. अ. नको म्हणत हुता, तरी गेले संगं. गार हवा, काळ्या बनियनीची पोरं. एकानं फोन उघडला. आत बारका कागुद असतो म्हणं, पानी गेलं की लाल व्हतो. "लाल झालाय. वॉरंटीत बसत नाही."
"बाळा, ते कुंकू हाय."
"मावशी, तो कंपनीचा कागद आहे."
भिंतीवर हे मोठं चित्र, पोरगी पाण्याखाली, हातात चांदणीचा फोन, बाजूला मासं. बोट दाखवून म्हणलं, आन हिला न्हाय का सांगितलं?
"ती जाहिरात आहे, मावशी."
अ. नं हळूच इच्यारलं, आतलं? पोरगा म्हणला क्लाउडवर असेल तर मिळेल. अ. खाली बघाय लागला. त्ये म्हंजी आभाळात ठेवायचं, कंपनीला भाडं द्यून. ह्यानं दिलं न्हवतं. फुकटची जागा भाकरीच्या फोटोनी भरली.
म्हंजी मालक न्हाईत आता तितं बी.
येताना मोसंबी घेतली.

५ ऑक्टोबर, रविवार
अ. नं सुनंच्या फोनवरनं ग्रुपवर लिवलं, कंपनीनं फसवलं. तासाभरात समदी उलटली. कुंकू कुणी लावतं का. कंपनीनं सांगितलं हुतं का. हात जोडणारीच सगळी. सुजितराव : "दादा, चूक आपली. उगं बदनामी नको."
सुनंनं मला दावलं, अ. नं आधीचं पुसलं आन लिवलं, "माझीच चूक, माफी असावी."
कंपनीची माफी मागितली. माझ्याफुडं आला, मोसंबी सोलून दिली आन गेला.

८ ऑक्टोबर, बुधवार
सुजितराव आला. समजूत काढाय. नव्या मॉडेलमदी ते भोकच न्हाय म्हणतो.
"आन जुन्यातलं माणूस?"
च्या दिला. मंग मी देव्हाऱ्यातनं सुनंचा करंडा आणला, वाटीत कुंकू कालवलं. "आणा तुमचा फोन, पुजू. त्या दिशी तीन येळा हात जोडलं हुतं."
फोन छातीशी धरून उडालाच तो खाटंवरनं. "आई, मस्करी नको!"
"पाण्याला भ्यालास का माझ्या हाताला?"
अ. हसला. दसऱ्यापासनं पयल्यांदा. मंग हसू थांबवून म्हणला, "सुजितराव, लावा की. कंपनीनं बुडवून दावलंय."
सुजितरावानं च्या अर्धा टाकला. अ. नं ग्रुप सोडला, आपल्या हातानं. सुनंच्या फोनवरनं.

११ ऑक्टोबर, शनिवार
अ. इंदापूरला जुन्या फोनच्या दुकानात. तो फोन इकला, कोऱ्हाळ्याच्या कुण्या बागायतदाराला. पुसून इकत्यात, पर आत बारकं कार्ड असतं, त्ये कवा कवा तसंच ऱ्हातं म्हणं. चांदणीत कार्डाला जागाच न्हाय, म्हून ह्यानं ते काढलं का न्हाय ह्येच आठवंना. आन मालकांचं बोलणं कार्डात हुतं का फोनात, त्ये बी.
म्हणलं, तू बी बाबा खरा चांदणीवाला.
"आये, जातो की उद्या. शोधतो."
मी कुठं जा म्हणलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळीच गेला गाडीवर. आबा संगं. दुपार झाली, आबांचा फोन न्हाय. सुनंला म्हणलं, तू बी करू नगस. गाडी चालवीत असंल.
लाईट आली. मोटर सुरू हाय. मका भिजून कवाच झाली असंल, पानी वाटंवर आलंय, हितवर आवाज येतोय.
उठाय पायजे.
बसलीय. कुणीतरी वरडलं की उठीन.