बेताने असहाय

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा लांबूनच, पण पुरता वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला आणि राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे.

आनंदाची बातमी म्हणजे मला घर मिळालं. घर म्हणजे खोलीच, पण मोरी आत आहे! शहरात रस्त्यावर झोपणारे फार झाले, म्हणून एका निधीने आमच्यासारख्यांना नुसतं छप्पर नव्हे, तर 'आधारासह घर' द्यायचं ठरवलं. (आधार आला. पलंग अजून यायचाय.) सकाळी नर्सबाई नाडी बघतात, मग स्वयंपाक शिकवणारे काका येतात, त्यानंतर मन मोकळं करायला लावणाऱ्या बाई आणि दुपारी झोपेचे सर. पलंग नसल्यामुळे सर मला झोप तोंडीच शिकवतात. शिकवता शिकवता तेच घोरू लागतात, मग मी त्यांच्या अंगावर पांघरूण घालतो. मन मोकळं करायला लावणाऱ्या बाईंना त्यांच्या घरमालकाने जागा सोडायला सांगितलीय. त्या रोज माझ्यापाशी रडतात आणि जाताना 'तुमची प्रगती चांगली आहे' असं सांगून जातात.

तर मागच्या आठवड्यात निरोप आला, निधीची समिती पाहणीला येणार! वरच्या मजल्यावर अशाच आणखी खोल्या काढायला पैसे द्यायचे की नाही, ते माझ्याकडे बघून ठरणार. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी ठणठणीत दिसलो तर म्हणणार, याला आधार कशाला? आणि गळाठलेला दिसलो तर म्हणणार, पैसे पाण्यात गेले. तेव्हा मी बेताने असहाय दिसायचं असं ठरलं. त्याची रीतसर तालीम झाली. चहा मीच करायचा, पण साखर विसरायची. नर्सबाईंनी प्रेमाने आठवण करून द्यायची. मग मी हसायचं, तेही अर्धंच.

आता तुला ठाऊकच आहे, नाटक कंपनी बुडेपर्यंत माझा जन्म विंगेत बसून दुसऱ्यांना संवाद सुचवण्यात गेला. समिती आली, पुढे चष्मेवाल्या अध्यक्षबाई, आणि आमच्या आधारांची बोबडी वळली. नर्सबाई साखरेची आठवण करायचंच विसरल्या. मला राहवेना. कपात तोंड घालून पुटपुटलो, "साखर, बाई, साखर!" तेवढ्यात सर अडले, त्यांना सुचवलं. मग काकांना. शेवटी तर एकच वाक्य दोघांनी उचललं आणि मी पथ्याचं खाऊन शांत झोपतो की शांत खाऊन पथ्याने झोपतो, हे समितीला कळेना.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही यांना आधार देता, की हे तुम्हाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला इथलं काय आवडलं?"

ताई, माझं वाक्य कुणी लिहिलंच नव्हतं. तोंडून निघून गेलं, "दार आतून लावता येतं."

"मग लावा की," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना घेऊन बाहेर गेल्या. मी कडी लावली. बाहेर वादावादी चालली होती, पण रस्त्यावर उघडा कान ठेवून झोपणारा मी, भिंतीला टेकलो आणि डोळा लागला तो लागलाच. दार उघडलं तेव्हा सर एकटेच उभे होते, डोळे पुसत. पैसे मंजूर! वर शेरा, की रहिवाशाला भरदिवसा झोप लागली, सबब सरांचं शिक्षण यशस्वी. (मन मोकळं करायला लावणाऱ्या बाईंनी लगेच वरच्या मजल्यावरच्या खोलीसाठी अर्ज टाकलाय.)

तर आता तू चार दिवस माझ्याकडे राहायला ये.

तुझा,
आतल्या मोरीचा धनी, धाकटा

ता. क. राहायला येऊ नकोस. ही खोली ज्याला कुणीच नाही त्यालाच मिळते, आणि मी तसंच सांगितलंय. तू दर वेळी 'ये' म्हणालीस, पण तुमच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं कुशीवर झोपतात. तुझा पत्ता घातलेलं या पत्राचं पाकीट नर्सबाईंच्या नजरेस पडलं, त्यामुळे निधीच्या कचेरीतलं माणूस तुझ्याकडे चौकशीला येईल. मला ओळखत नाही म्हणून सांग.

ता. क. दुसरा. भावजींना बोलू देऊ नकोस. ते इतक्या आनंदाने 'नाही ओळखत' म्हणतील की संशय यायचा. तूच सांग. तुला जड जाईल, म्हणून तर ते खरं वाटेल.