एका डिस्कची वाटणी

१० नोव्हें., सोम.

टायपिंगच्या दुकानात पाय ठेवला तोच दादानं पावती तोंडासमोर धरली. सकाळी अकरा-दहाला काढलेली, वेळ छापली गेली पाच-चाळीस. गिऱ्हाईक म्हणालं म्हणे, पहाटेच दुकान उघडता का. "तुझ्या त्या लिनक्सनं माझं घड्याळ नासवलं." खरं आहे. एका मशीनवर दोन सिस्टिम नांदतात, घड्याळ वाचायची दोघींची रीत वेगळी. माझ्या लिनक्समधून त्याच्या विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागं. एका ओळीची दुरुस्ती आहे. दिवाळीपासून केली नाही, मुद्दाम. त्यानं दुकानाच्या पाटीवर माझं नाव घालू दिलं नाही, मग मी कशाला त्याची वेळ सांभाळू?

तोंडावर तुमी म्हणते. इथं तो.

१२ नोव्हें., बुध.

सकाळ त्याची, दु. २ नंतर माझी. आप्पांनीच, म्हणजे वडिलांनीच, ठरवलेलं. ऑपरेशननंतर आप्पा पाटीवर लिहूनच बोलतात. पाटीच्या मधोमध रेघ मारली आणि दोन्हीकडं लिहिलं, अर्धं, अर्धं. टेबल एक, मशीन एक, म्हणून मी डिस्कचेच दोन भाग पाडले.

आज दादा मशीन बंद करून गेला होता. कधी करत नाही. चालू केलं तर विंडोज की लिनक्स ते विचारणारी यादीच आली नाही. काळा पडदा, वर एक ओळ, पुढं काही नाही. दोन प्रतिज्ञापत्रं टाईप करायची होती, माणसांना परत पाठवलं. दादाचा फोन बंद.

१३ नोव्हें., गुरु.

सकाळी त्यालाही तोच काळा पडदा. स्वतःच्या विंडोजमध्ये जाता येईना, कारण दोघांचा दरवाजा माझ्या भागात होता. आधी बरं वाटलं. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून आत बघितलं. डिस्कवर माझा भागच नाही. दादाचा डी ड्राइव्ह दुप्पट झालाय.

"काय केलंत?"

"जागा भरली हुती. शेजारी मोकळं दिसलं, घेतलं."

"मोकळं नव्हतं ते."

"नाव न्हाय, अक्षर न्हाय. पडीकच व्हतं की."

विंडोजला लिनक्सचं वाचता येत नाही, म्हणून तो भाग बिननावाचा दिसतो. दुसऱ्या कुणी भीतीनं हात लावला नसता. पण हा पडला अर्जनवीसाचा मुलगा. आप्पांनी जन्मभर कोर्टासमोर बसून लोकांचे अर्ज लिहिले, त्यातले निम्मे शेजाऱ्यानं बांध कोरल्याचे. दादा त्याच टेबलाखाली वाढला आणि शिकला काय, तर कोरायचं कसं.

म्हटलं, "त्यात आप्पांचा आवाज होता."

तो म्हणाला, "दुसरीकडं ठिवायचा न्हाय का मग."

१४ नोव्हें., शुक्र.

घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज राहणार नाही. आठ दिवस पुढचं दार लावून आप्पांना दुकानात बसवून अर्जांचे मसुदे सांगायला लावले आणि रेकॉर्ड केले. एकतीस फाइली. त्या आठ दिवसांत दादा फिरकला नाही. हे मी त्याला कधीही माफ करणार नाही.

दुसरी प्रत होती. ज्या पेनड्राइव्हवर होती तोच मी मागं नवीन लिनक्स भरायला पुसला. हे दादाला सांगितलेलं नाही.

भाग मोडला तरी आतलं लगेच जात नाही. त्यावर नवीन काही साठवलं की जातं. म्हणजे दादा उद्या कुणाला तरी आणून विंडोज दुरुस्त करून घेणार, फॉर्म भरायला बसणार, आणि एकेक फॉर्म आप्पांच्या आवाजावर नेऊन ठेवणार. स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली, फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली, घरी आले.

१५ नोव्हें., शनि.

सकाळीच वहिनी. दादा स्वतः येत नाही, बायकोला पाठवतो.

"वन्सं, डिस्क द्या. फॉर्मची आज शेवटची तारीख हाय, ढोकीची माणसं दारात बसलीत."

"शेजारच्या दुकानात पाठवा."

"एकदा तिकडं गेली की पुन्ना आपल्याकडं येतील व्हय?"

बरोबर बोलत होत्या. दिली नाही.

आप्पांनी पाटीवर लिहिलं, दे. मग मी त्यांना डिस्कमध्ये काय आहे ते सांगितलं. त्यांनी हातानं "दे" पुसलं. खडू खिशात ठेवून दिला.

१६ नोव्हें., रवि.

मैत्रिणीचा लॅपटॉप आणला. डिस्क जोडली, गेलेल्या फाइली हुडकणारा प्रोग्राम सकाळी आठला लावला. सापडतात त्या बिननावाच्या, नुसते आकडे. एकेक उघडून ऐकायची. पहिल्या दोन नुसती खरखर. तिसरीत आप्पा. "मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी, अर्जदार नम्रपणे कळवितो की..." रडले. लाज वाटली नाही.

हेडफोन आप्पांच्या कानाला लावला. अर्धा मिनिट ऐकलं, काढला, पाटीवर लिहिलं, सांगताना लई घाई केली. पुन्हा लावून घेतला नाही.

संध्याकाळपर्यंत सतरा. शेवटची ऐकताना मसुदा मध्येच थांबला. मी चहा आणायला मागच्या दारानं गेले असणार, मशीन चालूच राहिलं.

"पंखा बंद कर रे, त्यात आवाज येतूय. आन् रोज येऊन दारात काय बसतूस? एवढा घोडा झालास, तुला कवा कळणार?"

"कोन आत याया नगं म्हनून बसतो, आप्पा. तिला नगा सांगू."

दादा.

चौदा तारखेचं ते माफ न करण्याचं वाक्य खोडायला घेतलं. खोडलं नाही. बांध कोरला तो कोरलाच.

१७ नोव्हें., सोम.

दादा जोडे न काढताच घरात आला. "डिस्क."

"काम व्हायचंय."

"किती घावलं?"

"सतरा."

"आइकव."

त्याला ती पंख्याची फाइल ऐकवायची की नाही हे रात्रभर ठरलं नव्हतं. लावली. उभ्यानं ऐकली. मग खाली बसला, म्हणाला, परत. तिसऱ्यांदा स्वतःच बटन दाबलं. "तुला कवा कळणार"पाशी आला की मान खाली. माझ्याकडं बघितलं नाही.

"बाकीच्या ठेव तुला. ह्यी एवढी दे."

"आधी माझी अर्धी जागा सोडा."

तोंडातून गेलं. पाठ केल्यासारखं गेलं.

उठताना म्हणाला, "आप्पाचा आवाज तू मला जागंच्या बदल्यात इकतीस व्हय?"

फाइल न घेताच गेला. जेवण झालं, दुपार गेली, दुकान बंदच. चौदा फाइली अजून सापडायच्यात. डिस्क पिशवीत आहे.